फिलिपिनो ब्लॉगर बायकांचे मेळावे : वृत्तांत, आणि भांडायचं असेल तर तेही

पासिगकाठची

मागे पावसाळी कट्ट्याच्या धाग्यावर बोलून गेले की मनिलातल्या ब्लॉगर बायकांचे मेळावे आपल्या कट्ट्यांपेक्षा फार वेगळे असतात, तर तिघाचौघांनी "मग लिहा की" म्हणून पिच्छाच पुरवला. घ्या. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी मी कोण ते. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही मनिलात, ओर्तिगासला राहतो. मी स्वतः ब्लॉगर नाही, माझी शेजारीण आहे. मूळची मारिकिनाची, दोन मुलांची आई, लिहायला लागली ती मल्टिप्लाय या जुन्या ब्लॉग-साइटवर. तिचं नाव इथे नको असं तिचंच म्हणणं, म्हणून शेजारीणच म्हणते. तिची सोबत करता करता मला या मेळाव्यांची चटक लागली. खालचं बरंचसं तिच्या तोंडून ऐकलेलं आहे, थोडं डोळ्यांनी पाहिलेलं.

इथे ब्लॉगरांनी जमायला सुरुवात केली ती बरीच लवकर. 'आयब्लॉग' ही पहिली परिषद २००५ मध्ये दिलिमानच्या यूपीत, म्हणजे फिलिपिन्स विद्यापीठात भरली, तीही कायद्याच्या कॉलेजात. ती उभी केली जॅनेट तोराल या बाईंनी. २००७ मध्ये फिलिपिन ब्लॉग अवॉर्ड्स सुरू झाले. २००८ च्या सप्टेंबरात मनिलात पहिला वर्डकॅम्प झाला आणि त्याला वर्डप्रेसवाला मॅट मुलेनवेग स्वतः आला होता. शेजारीण त्या गर्दीत होती. तो काय बोलला ते तिला अजिबात आठवत नाही. आठवतात त्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या दोघी, ज्यांचे ब्लॉग ती रोज वाचायची आणि ज्यांचे चेहरे तिने कधी पाहिले नव्हते. त्यातली एक पुढे तिच्या धाकटीची निनांग झाली, म्हणजे बाप्तिस्म्यातली धर्ममाता. निनांग झाली की ती मुलीच्या आईची 'मारे' होते, आणि मारेला रात्री दोन वाजता फोन केला तरी ती "काय झालं?" एवढंच विचारते.

आता मेळावा कसा असतो. पत्रिकेवर एकची वेळ, माणसं पावणेदोनला. याला इथले लोक स्वतःच 'फिलिपिनो टाइम' म्हणून हसतात, आपण बोलायचं काम नाही. मग प्रार्थना. मग सगळे उभे राहून छातीवर हात ठेवून राष्ट्रगीत म्हणतात, मोठ्या आवाजात, ध्वनिफितीमागे लपून नव्हे. सूत्रसंचालकाला इथे फार मान, त्याने हसवलंच पाहिजे. दोन भाषणं झाली की प्रायोजकाचा खेळ, पुन्हा एक भाषण, मेरिएंदा म्हणजे मधल्या वेळचं खाणं, सोडत, आणि शेवटी फोटो: एक शहाण्यासारखा आणि एक 'वॅकी', ज्यात वकीलबाईसुद्धा जीभ बाहेर काढतात. पहिल्यांदा मला हे सगळं शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं वाटलं आणि भाषणं पातळ वाटली. भाषणं पातळच असतात, त्यावर माझं मत बदललेलं नाही. पण बायका भाषणांसाठी येतच नाहीत.

त्या कशासाठी येतात हे मला ओंदोयच्या गोष्टीतून कळलं. २६ सप्टेंबर २००९, शनिवार. ओंदोय वादळाने मनिलावर महिन्याभराचा पाऊस काही तासांत ओतला आणि मारिकिना नदी गावात शिरली. शेजारणीचं माहेर दुमजली होतं म्हणून सगळे वरच्या मजल्यावर चढले. सरकारी क्रमांक लागत नव्हते. तेव्हा ज्यांच्या घरात वीज होती अशा ब्लॉगरांनी कोण कुठल्या गल्लीत, कितव्या मजल्यावर, घरात म्हातारं कोण, तान्हं कोण याच्या याद्या करायला घेतल्या, ट्विटरवर आणि सगळ्यांना उघडता येईल अशा तक्त्यांत. शेजारीण म्हणते की त्यातले निम्मे फोन नंबर मेळाव्यात एकमेकींना दिलेल्या कार्डांवरचे होते. पुढे कपडे, तांदूळ, दुधाच्या पावडरीचे डबे वाटायलाही त्याच बायका, त्याच यादीतून.

म्हणून मला वाटतं, मेळाव्याला कोण बोललं याच्यापेक्षा कोण येऊ शकलं आणि कोण येऊ शकलं नाही हे पाहावं. इथे बायकांच्या येण्यात चार गोष्टी आड येतात: मूल कोण बघणार, जायचा खर्च कोण देणार, रात्री परत कसं यायचं, आणि परदेशात असेल तर विमानतळावर काय होणार. पहिलीवर इथल्या बायकांनी मस्त तोडगा काढलाय. मुलं घेऊनच यायचं. याया म्हणजे मुलं सांभाळणारी बाई असेल तर तिलाही आणायचं आणि तिची खुर्ची, तिचं ताट यजमानाने धरायचं. मेळावे मॉलमध्ये का होतात याचंही हेच उत्तर. तिथे थंड हवा असते, खेळायची जागा असते, आणि अंगावर पाजायची खोली असते. २०१० मध्ये सही झालेल्या कायद्याने कामाच्या आणि सार्वजनिक जागी अशी खोली ठेवणं बंधनकारक केलंय. आपल्याकडे एखाद्या साहित्य संमेलनात तान्हं घेऊन बसून दाखवा.

बाकी तिन्हींबद्दल प्रतिसादांत लिहीन, कारण आत्ता कुकरची शिट्टी झाली.

---

सातारी कंदी

छान वृत्तांत. पण मूळ प्रश्न राहिला. शाकाहारी माणूस तिथे खातो काय?

---

पासिगकाठची

@सातारी, भात आणि आशा. पॅन्सिट म्हणजे शेवया दिसतात निरागस, पण आत कोळंबी किंवा डुक्कर असतंच. लुम्पियात खिमा. खात्रीची गोष्ट म्हणजे तुरोन, केळं गुंडाळून साखरेत तळलेलं. मी त्यावर अख्ख्या दुपारी काढल्यात. हल्ली नोंदणीच्या अर्जात "शाकाहारी" असा रकाना असतो, पण तो भरला की ताटात मासा येतो.

---

नाक्यावरचा

ताई, लेख गोड आहे, पण जरा गुलाबी चष्मा वाटतो. मी तीन वर्षं सिंगापुरात जाहिरात कंपनीत होतो. 'ब्लॉगर इव्हेंट' म्हणजे काय ते जवळून पाहिलंय. पिशवी घ्या, फोटो काढा, उद्या पोस्ट टाका. पिशवी नसेल तर माणसं येत नाहीत. हे 'समुदाय' वगैरे नंतर लावलेलं लेबल आहे.

---

पासिगकाठची

@नाक्यावरचा, निम्मं बरोबर आहे. शेजारणीला तुमचा प्रतिसाद भाषांतर करून ऐकवला, ती खो खो हसली. म्हणाली, त्यांना सांग की आमच्यात अशा माणसासाठी याहून वाईट शिवी आहे. 'पाताय-गुतोम'. भुकेने मेलेला, हावरट. मेळाव्यात न बोलावता येऊन दोन पिशव्या उचलणाऱ्याला ब्लॉगर बायका स्वतःच हे म्हणतात.

२०११ मध्ये इथे मोठा भडका उडाला होता. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानात एक लेख आला की एक खाद्य-ब्लॉगर हॉटेलांकडे पैसे आणि फुकट जेवण मागतो आणि नाही दिलं तर वाईट लिहायची भीती घालतो. नाव छापलं नव्हतं. त्यामुळे झालं असं की नाव न घेतलेल्या एकापायी सगळ्यांवर शिंतोडे उडाले. पण त्यातून चर्चा घडली. मिळालेली वस्तू, मिळालेले पैसे पोस्टमध्ये उघड सांगावेत यावर त्या बायका आपापसांत खूप भांडल्या.

आणि दोन प्रकारचे मेळावे असतात हे तुम्ही एकत्र करताय. एक कंपनीचा: तिथे ब्लॉगर पाहुणी असते, वस्तूची स्तुती अपेक्षित असते. 'ब्लॉगापलूझा'सारखे कार्यक्रम तर ब्लॉगर आणि ब्रँड यांची गाठ घालायलाच निघाले, त्यात लपवाछपवी नाही. दुसरा 'आयबॉल', म्हणजे 'ईबी'. जालावर ओळखणाऱ्यांनी प्रत्यक्ष भेटायचं, ज्याचं त्याने बिल द्यायचं. शेजारीण पहिल्यातून किराणा भरते आणि दुसऱ्यात मैत्रिणी करते. मला तर यात काही लाजिरवाणं दिसत नाही. नवऱ्याचा पगार महिन्याच्या वीस तारखेला संपतो त्या घरात डायपरचं खोकं ही चेष्टेची गोष्ट नसते.

---

उलाढाल

सीए आहे, म्हणून पिशवीकडे माझं लक्ष जाणारच. फिलिपिन्समध्ये फुकट वस्तूंवर कर आहे का?

---

पासिगकाठची

आहे की. ऑगस्ट २०२१ मध्ये इथल्या महसूल खात्याने समाजमाध्यमांवर कमावणाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं, क्रमांक ९७-२०२१. पैशांऐवजी वस्तू मिळाली तर तिची बाजारभावाने किंमत धरून उत्पन्नात दाखवायची. ते आल्यावर आयबॉलमध्ये पहिल्यांदाच एक हिशेबनीस बाई पाहुणी म्हणून आली आणि त्या दिवशी कुणीही मधेच उठलं नाही.

---

उलाढाल

आपल्याकडे वर्षभराने तेच झालं. १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर. वर्षाला वीस हजारांवरच्या लाभावर देणाऱ्याने दहा टक्के टीडीएस कापायचा. वस्तू वापरून परत केली तर लाभ धरत नाहीत, ठेवून घेतली तर धरतात. माझ्या एका अशील मुलीने कंपनीला तीन महागडे फोन परत केले, रडत रडत.

---

साय

मी बालरोग विभागात परिचारिका आहे. 'दुधाच्या पावडरीचे डबे' आणि 'आई-ब्लॉगर' हे दोन शब्द एका धाग्यात वाचून कान टवकारले. फिलिपिन्समध्ये तर दूध-कंपन्यांच्या जाहिरातींवर कडक बंधनं आहेत ना?

---

पासिगकाठची

@साय, नेमकं बोट ठेवलंत. १९८६ चा कार्यकारी आदेश क्रमांक ५१, ज्याला इथे सगळे 'मिल्क कोड' म्हणतात. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकलं जाणारं दूध, बाटल्या, चोखण्या यांचे नमुने आयांना फुकट वाटायचे नाहीत, जाहिरातीवरही कात्री. त्यामुळे मेळाव्यात दिसतं ते मोठ्या मुलांचं दूध. डब्याचा रंग तोच, अक्षरं तीच, वय फक्त मोठं. आई-ब्लॉगरांच्या गटांत यावरून जितकं वाजलंय तितकं राजकारणावरूनही नसेल. एका बाजूच्या बायका म्हणतात, असला प्रायोजक असेल त्या मेळाव्याला पाऊल ठेवायचं नाही. दुसऱ्या म्हणतात, माझं दूध आलं नव्हतं, मला पापी ठरवू नका. शेजारीण पहिल्या गटात. ओंदोयनंतरच्या मदतीत आलेल्या पावडरीच्या डब्यांवरूनही नंतर याच बायकांनी प्रश्न विचारले: स्वच्छ पाणी नाही तिथे तान्ह्याला हे पाजणार कसं?

---

साय

अगदी हाच प्रश्न आमच्या प्रशिक्षणात शिकवतात. पुरात पावडरचं दूध म्हणजे जुलाबांना आमंत्रण. भारतात १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये अजून आवळला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या दूध-पर्यायाची जाहिरातच नाही. तरी 'इन्फ्लुएन्सर आई'च्या रीलमध्ये मागच्या फडताळावर डबा हळूच उभा असतो. तिथल्या बायका यावर उघड भांडतात हे वाचून बरं वाटलं.

---

सांताक्रुझ ९४४

ओंदोयचा परिच्छेद वाचून २६ जुलै २००५ आठवली. माझा आयडी का असा आहे ते जुन्यांना माहीत आहे: सांताक्रुझ वेधशाळेने त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर मोजले. आमच्याकडे तेव्हा ट्विटर नव्हतं. चाळीतल्या बायकांनी अडकलेल्यांना खिचडी घातली, पण कोण कुठे आहे याची यादी कुणाकडेच नव्हती. ताई, ते तक्ते करणारे पुढेही टिकले का? की पूर ओसरला आणि संपलं?

---

पासिगकाठची

टिकले. २०१२ च्या ऑगस्टात नैऋत्य मोसमी पावसाने, ज्याला इथे हाबागात म्हणतात, मनिला पुन्हा बुडाली तेव्हा सुटकेसाठी एक ठरलेला हॅशटॅग सगळ्यांनी वापरला. आणि निवडणुकीकडेही वळले. २०१० च्या निवडणुकीआधी 'ब्लॉग वॉच' सुरू झालं, त्यात नोएमी दादो हे मोठं नाव. आई-ब्लॉगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाई उमेदवारांना प्रश्न विचारायला लागल्या. "तुम्ही स्वयंपाकाचं लिहा की" असं त्यांना किती जणांनी सांगितलं असेल याचा अंदाज आपल्याला बसल्या जागी करता येतो.

---

दावाओची डॉक्टरीण

प्रथमच लिहितेय, वाचनमात्र होते. मी नांदेडची, दावाओला एमडीला होते. (हो, आमच्या वर्गात मराठी ऐकू यायचं. वसतिगृहात पोळ्यांच्या मावशींवरून भांडणं व्हायची.)

ताईंचा वृत्तांत मनिलाचा आहे हे जरा ठळक करायला हवं. दावाओच्या माझ्या मैत्रिणी ब्लॉग लिहायच्या, त्यांच्या तोंडी कायम एक शब्द: 'इम्पीरियल मनिला'. सगळ्या मोठ्या परिषदा तिकडे. दावाओहून मनिला म्हणजे विमानच, तिकीट मुलीच्या महिन्याच्या खर्चाएवढं. आमंत्रण यायचं, "प्रवासखर्च आपला आपण" ही ओळ खाली बारीक अक्षरांत. म्हणून मिंडानाओच्या (दावाओ याच दक्षिणेकडच्या बेटावर आहे) ब्लॉगरांनी स्वतःची शिखर परिषद भरवायला सुरुवात केली. तिथलं वातावरण वेगळं. मंचावर इंग्रजी, खाली तिथली बिसाया, आणि मनिलाच्या तागालोगमध्ये बोललं की जरा शांतता. हिजाब घातलेल्या मुली पहिल्या रांगेत, जेवणात त्यांच्यासाठी हलालची वेगळी मांडणी. त्यांचं एक ठाम मत होतं: बातम्यांत मिंडानाओ म्हणजे बंदुका, तर आम्ही रोज ड्युरियनची फळं, किनारे आणि बाजार लिहिणार. मला तेव्हा हे भाबडं वाटायचं. पण विमा कंपन्या आणि परदेशी दूतावास अख्ख्या बेटाला एकाच रंगात रंगवतात तेव्हा "आज मी बाजारात गेले" हे लिहिणंही उत्तर होतं.

---

पासिगकाठची

@दावाओची डॉक्टरीण, हे फार मोलाचं लिहिलंत, आणि माझ्या लेखातली भोकं दिसली. शेजारणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, २०१५ च्या जानेवारीत 'ग्लोबल व्हॉइसेस' या जगभरच्या ब्लॉगरांच्या संस्थेचं जागतिक संमेलन सेबूला झालं, मनिलाला नव्हे, तेव्हा पहिल्यांदा तिला विमानाचं तिकीट काढायला लागलं आणि मनिलाबाहेरच्या मैत्रिणी इतकी वर्षं काय सोसत होत्या ते कळलं. तिथे तिने एका सत्रात ज्या देशांत ब्लॉगरांना तुरुंगात टाकतात तिथले लोक पाहिले. सोडत नाही, वॅकी फोटो नाही. परत येऊन आठवडाभर गप्प होती म्हणे.

---

पालघरकर

तुरुंगाचा विषय निघालाच आहे तर. फिलिपिन्सचा सायबर कायदा २०१२ चाच ना? आमच्या गावाला ते वर्ष विसरता येत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बंदवर फेसबुक पोस्ट टाकल्याबद्दल एका मुलीला आणि ती लाइक केल्याबद्दल दुसरीला अटक झाली होती. त्यात लावलेलं आयटी कायद्याचं कलम ६६ए पुढे मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं.

---

पासिगकाठची

@पालघरकर, फक्त दोन महिन्यांचं अंतर. इथला कायदा, प्रजासत्ताक कायदा क्रमांक १०१७५, सप्टेंबर २०१२ मध्ये सही होऊन आला. जालावरच्या बदनामीला छापील बदनामीपेक्षा जास्त शिक्षा. ब्लॉगरांनी निषेध म्हणून आपली प्रोफाइल-चित्रं काळी केली. ऑक्टोबरात न्यायालयाने तात्पुरती स्थगिती दिली. पण १८ फेब्रुवारी २०१४ च्या निकालात बदनामीचं कलम टिकलं. मूळ लिहिणारा अडकणार, नुसतं लाइक किंवा शेअर करणारा सुटणार, एवढाच दिलासा. म्हणजे पालघरची दुसरी मुलगी इथे वाचली असती, पहिली नसती. २०२० च्या जूनमध्ये पत्रकार मारिया रेसा याच कलमाखाली दोषी ठरल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

त्यानंतर मेळाव्यांत वकीलबाईंची सत्रं वाढली. पूर्वी "वाचक कसे वाढवावेत" यावर गर्दी व्हायची, आता "हॉटेलाचं जेवण वाईट होतं हे कसं लिहावं" यावर होते.

---

नाक्यावरचा

माझा मुद्दा मागे घेत नाही, पण धागा रंगलाय. एक विचारतो. २०१६ नंतर काय झालं? सिंगापुरात असताना ऐकलं होतं की तिथले ब्लॉगर दोन छावण्यांत फुटले.

---

पासिगकाठची

फुटले. दुतेर्ते अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांची फौज उभी राहिली. त्यातल्या मोका उसोन या बाई २०१७ मध्ये थेट अध्यक्षांच्या संपर्क खात्यात सहायक सचिव झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या खात्याने नियम काढला: वय अठरा पूर्ण आणि पाच हजार अनुयायी असले की समाजमाध्यमवाल्यांना अध्यक्षांच्या कार्यक्रमांच्या वार्तांकनाची परवानगी मिळू शकेल. जुन्या ब्लॉगर, ज्यांनी वस्तू कुठून मिळाली हे लिहायचं की नाही यावर रात्री जागवल्या होत्या, त्यांना हे पाहून काय वाटलं असेल?

शेजारणीचा गट तुटला. निनांग झालेली बाई एका बाजूला, ही दुसऱ्या बाजूला. धाकटीच्या वाढदिवसाला निनांग आली, भेट दिली, जेवली. राजकारण निघालं नाही. पण आयबॉल वर्षभर झाला नाही.

---

नियामक

राजकारणावरचे पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत. फिलिपिन्सच्या निमित्ताने आपल्याकडच्या निवडणुका लढवू नयेत. त्यासाठी वेगळा धागा आहे, दुर्दैवाने.

---

बर दुबईची काकू

ताई, विमानतळाचं लिहिते म्हणालात ते राहिलं. आमच्या दुबईतल्या ऑफिसात अर्ध्या मुली फिलिपिनो. सुट्टीच्या दिवशी करामा भागात त्यांचा मेळा असतो. त्यातल्या बऱ्याच लिहितात, परदेशी राहणाऱ्या फिलिपिनो ब्लॉगरांसाठी 'पेबा' नावाचे पुरस्कारही होते, त्याबद्दल त्या फार प्रेमाने बोलायच्या. पण मायदेशातून निघताना काउंटरवर काय काय विचारतात ते ऐकून मी थक्क झाले.

---

पासिगकाठची

@काकू, बरं झालं आठवण केलीत. याला इथे 'ऑफलोड' होणं म्हणतात. तिकीट आहे, पासपोर्ट आहे, समोरचा देश घ्यायला तयार आहे, पण स्वतःच्याच देशाचा अधिकारी सोडत नाही. कारण खोटं नाही. पर्यटक म्हणून नेऊन मुलींना विकण्याचे प्रकार होतात, २००३ पासून मानवी तस्करीविरोधी कायदा आहे, आणि अधिकाऱ्यांनी डोळे उघडे ठेवावेत अशीच अपेक्षा आहे. पण त्याचा भार पडतो एकट्या निघालेल्या तरुण बाईवर. २०२३ मध्ये फार गाजलं: इस्रायलला निघालेल्या एका मुलीकडे शाळेचं इयरबुक मागितलं, तिचं विमान चुकलं. त्याच वर्षी कागदपत्रांची आणखी लांब यादी ३ सप्टेंबरपासून लागू होणार होती, ती ओरड झाल्यावर थांबवली.

आता यात ब्लॉगर बाई बसवा. व्यवसाय काय? ब्लॉग. कुठे नोकरी? घरून. कोणी बोलावलं? आयोजकाचा ईमेल. नवरा बरोबर का नाही? तिकीट एकाचंच मिळालं. प्रत्येक उत्तर खरं आणि प्रत्येक उत्तर संशयास्पद. शेजारणीला कधी अडवलेलं नाही, पण ती सिंगापूरला एका सोहळ्याला गेली तेव्हा तिच्याबरोबर जाडजूड फाईल होती: आमंत्रण, परतीचं तिकीट, कर भरल्याचा कागद, लग्नाचा दाखला, मुलांचे फोटोसुद्धा. गटात जुन्या जाणत्या बायका नव्यांना या फाईलची तयारी करून देतात, उत्तरं पाठ करून घेतात. मेळाव्यात काय बोलायचं याची इतकी तयारी कुणी करत नाही.

---

बर दुबईची काकू

आपल्याकडेही इसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी परवानगी लागणाऱ्या) पासपोर्टवाल्या, तीस वर्षांच्या आतल्या बाईला घरकामासाठी आखातात जायला परवानगी मिळत नाही. हेतू चांगलाच. पण माझ्याकडे येणाऱ्या आंध्रच्या बाईने सांगितलं की मग त्या पर्यटक म्हणून येतात आणि काही झालं तर दूतावासाच्या नोंदीत त्या नसतातच.

---

रेवदंडा

+१ सगळ्यांना. पण ब्लॉग मेलेत ना हो आता? सगळं रील आणि टिकटॉक. मग हे मेळावे कोणाचे?

---

पासिगकाठची

@रेवदंडा, नाव बदललंय, 'कंटेंट क्रिएटर' म्हणतात, आणि वय विशीत आलंय. टीबेक्स ही प्रवास-ब्लॉगरांची परिषद २०१६ च्या ऑक्टोबरात मनिलात झाली तेव्हाच शेजारीण म्हणाली होती की कॅमेरे वाढले, वह्या कमी झाल्या. नव्या मुली तिला 'तिता' म्हणतात, मावशी. तिला आधी राग यायचा, आता त्याच नावाने चॅनेल काढलंय. फिलिपिनो भाषेत लिहिणाऱ्यांची 'सारांगोला' स्पर्धाही तिला फार प्रिय, कारण तिथे पिशवी नसते आणि लोक मजकूर वाचतात. नाक्यावरच्यांनी नोंद घ्यावी.

---

मीरा_कोथरूड

अख्खा धागा एका दमात वाचला. मला कामानिमित्त जुलैत मनिलाला अशाच एका परिषदेला जायचंय, एकटी, पहिल्यांदा. रात्रीचं सुरक्षित आहे का? काय न्यावं? आमचे सासरे घाबरलेत.

---

पासिगकाठची

@मीरा, सासऱ्यांना सांगा मी आहे. मेट्रो तीनच्या पुढच्या डब्यात बायका, म्हातारी माणसं आणि अपंगांसाठी जागा राखीव असते, गर्दीत तिथेच चढा. उशीर झाला तर ॲपवरून गाडी बोलवा, आणि निघताना गटात गाडीचा क्रमांक टाका. मेळाव्यानंतर ही पद्धतच आहे, घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत कुणीतरी जागं असतं. २०१९ पासून रस्त्यावर शिट्ट्या मारणं, मागे लागणं आणि जालावर त्रास देणं हे सगळं गुन्ह्यात येतं, लोक त्याला 'बावाल बास्तोस' कायदा म्हणतात. शिट्ट्या थांबल्या नाहीत, पण आता बाई उलट बोलली की आजूबाजूचे तिची बाजू घेतात.

स्वेटर आणाच. बाहेर उकाडा आणि सभागृहात महाबळेश्वर. छत्री आणा, जुलैत हाबागात चालू असतो. वादळाचा इशारा असेल तर कार्यक्रम आदल्या रात्रीही रद्द होतो, म्हणून परतीचं तिकीट बदलता येईल असं घ्या. थोडं खाऊचं आणा, चितळ्यांची बाकरवडी चालते, पण पाकीट फोडून सगळ्यांत फिरवा, एकीलाच देऊ नका. वयाने मोठ्या बाईला 'आते' म्हणा, म्हणजे ताई, आपली आत्या नव्हे.

---

मीरा_कोथरूड

खूप आभार! सोडतीत भाग घ्यावा लागतो का? मला साडेपाचला निघायचंय.

---

पासिगकाठची

सोडतीच्या आधी उठू नका, वाईट दिसतं. तुमचं नाव पुकारलं आणि तुम्ही नसलात तर सूत्रसंचालक तीनदा हाका मारून अख्ख्या सभागृहाला हसवतो. शेजारीण म्हणते सहापर्यंत थांबाच, ती सोडेल तुम्हाला हॉटेलवर. आणि बहुतेक वेळा राइस कुकर लागतो. तो सामानात बसणार नाही, शेजारच्या खुर्चीवरच्या बाईच्या यायाला देऊन टाका.